रेडीजांचा चॉकलेटी झेंडा

—नाही, बेल बिघडलेली नाहीये त्यांची. चांगली वाजते, मला माझ्या ओट्यापाशी ऐकू येते. घरात कुणी नाही म्हणून कुणी उघडत नाही — कुरुमला गेलेत तिघंही, सुचित्रावहिनींचा चष्मा आणायला. येतील जेवायच्या वेळेपर्यंत. तुम्ही आत या, त्या पॅसेजमध्ये मे महिन्यात कुणी उभं राहतं का? पायातलं राहू दे, फरशी पुसायचीच आहे. बसा. तिथे नको, तिथे इस्त्रीचे कपडे आहेत — हां, तिथे. ओळख सांगायची गरज नाही, कान बघून कळलं मला. चंद्रहासभावोजींचे कान आणि तुमचे कान एका साच्यातले. तुम्ही एकनाथ रेडीज. धाकटे. चिपळूणचे. इथे आखातात, सोहारला कंपनीच्या शटडाउनला — प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात ना, त्याला — आलात वेल्डिंगला, आणि महिना होत आला तरी सख्ख्या भावाला फोन केला नाहीत — बघू नका असे, आईंनी सांगितलं त्यांना दर शुक्रवारच्या फोनवर, आणि भावोजी फोन स्पीकरवर ठेवतात, आणि आमची भिंत एक आहे. मी मुद्दाम ऐकत नाही. कानावर पडतं. मी प्रेमा, साताऱ्याची, नऊ वर्षं झाली शेजार आहे आमचा.

चहा टाकलाय, झालाच. साखर किती, दोन? भावोजींना पण दोन लागतात, वहिनी एकच घालतात, मग ते माझ्याकडे येऊन पितात. हे वहिनींना सांगू नका.

काय? दोन शब्द बोलून परतीची बस पकडायचीय? काय दोन शब्द? मला सांगा, मी देते निरोप. नाही, मला नाही सांगायचं — बरं. दाखवा बघू मोबाइलमध्ये काय आहे ते, मघापासून मुठीत धरलाय. हां. हाच फोटो ना. मला वाटलंच. तुमची पुतणी, अंतरा, झेंडा धरून. अहो ती हसत नाहीये, तिला दातांना तार लावलीय, तिचं तोंड मिटत नाही. ते हसणं नाही. आणि काय म्हणालात — तमाशा? एसीत बसून आमच्या पुराचा तमाशा केला? हे बोलायला सोहारहून आलात? दोन-अडीच तासांचा रस्ता आहे तो. बरं. बोला. हक्क आहे तुमचा. पण ज्याला बोलणार त्याने झेंडा केलाच नाही, आणि जिने शिवला ती मी, तेव्हा आधी मला बोलायला पाहिजे, नाही का? तो बघा तिथे, कपड्यांच्या स्टँडवर आहे. धुतलाय. बाल्कनीत वाळत घालता येत नाही इथे, रस्त्यावरून दिसलं की म्युनिसिपालिटीचा दंड, मग झेंडा असो की परकर. म्हणून घरातच. आणि त्यांच्या घरात नाही ठेवत, माझ्याकडे का, ते पण सांगते. चहा घ्या आधी.

तर आमचं इथलं मराठी मंडळ. एक मेला दरवर्षी लावणी आणि कोळीगीत होतं, लोक कंटाळले, तर या वर्षी अध्यक्षांनी नवीन काढलं — यशोधन म्हणून आहेत, पुण्याचे, बँकेत आहेत, फार वाचतात. ते म्हणाले, परदेशात प्रत्येक शहराला आपला झेंडा असतो, आपल्या शहरांना नाही, तर आपण करूया. प्रत्येक गावच्या लोकांनी आपल्या गावाचा झेंडा करायचा, हॉलमध्ये घेऊन चालायचं आणि स्टेजवर अर्थ सांगायचा. नियम पाठवले ग्रुपवर. झेंडा इतका सोपा पाहिजे की लहान मुलाला नुसता आठवून काढता आला पाहिजे. रंग दोन-तीनच. आणि अक्षरं लिहायची नाहीत, कारण ज्याच्यावर नाव लिहावं लागतं तो झेंडा नाही, ती पाटी. असं त्यांनी लिहिलं होतं. मला पटलं.

मग काय झालं असेल? पाच गावांनी झेंडे केले, त्यातले चार भगवे. चारांवर किल्ला. चारांवर किल्ल्यामागे सूर्य. पुण्याचा किल्ला, कोल्हापूरचा किल्ला, आमचा अजिंक्यतारा — आमच्यात कंदी पेढा पाहिजे असा एक गट होता, मग ठरलं की पेढा गोल, सूर्य पण गोल, त्याला पेढा समजायचं का सूर्य हे ज्याचं त्याने ठरवावं. नाशिकवाल्यांनी कोपऱ्यात द्राक्षांचा घड काढला, तो लांबून मधमाश्यांचं पोळं दिसत होता. रंगीत तालमीला चारही झेंडे एका रांगेत उभे केले, आणि यशोधनना त्यांचा स्वतःचा ओळखता येईना. मग सगळ्यांनी खाली नावं लिहिली. म्हणजे पाट्याच झाल्या.

आणि पाचवा हा. चिपळूणची इथे दोन-तीनच घरं, त्यातलं एक सुट्टीला गेलेलं, तर भावोजी म्हणाले आपण नको भाग घ्यायला. अंतरा म्हणाली, मी करते. आता ती इथे वाढलेली, शाळेत सगळं इंग्लिश, मराठी बोलते ती पण शब्द शोधत शोधत — चिपळूणला गेली असेल सुट्टीत चार-पाचदा. सुचित्रावहिनींनी सांगितलं, परशुरामाचं मंदिर काढ. भावोजींनी सांगितलं, वाशिष्ठी काढ, निळी. ती म्हणाली, निळी कुठेय बाबा? मोबाइलमध्ये व्हिडिओ ठेवलाय तिने, तुमच्या गल्लीचाच, कुणी पाठवलेला कोण जाणे. त्यात पाणी या चहाच्या रंगाचं आहे. मी तिथेच होते, विरजण मागायला गेलेले.

मग कापड आणायला मी आणि अंतरा सीबच्या जुन्या सूकमध्ये, बाजारात. तिथे मुजम्मिल म्हणून आहे, हैदराबादचा, माझे अस्तर आणि फॉल सगळे त्याच्याकडून. त्याला सांगितलं, झेंड्यासाठी चॉकलेटी कापड दाखव. तो म्हणाला, "भाभी, इस कलर का झंडा दुनिया में किसी मुल्क का नहीं है." मी म्हटलं, मुल्क का नहीं, चिपळूण का है. तो म्हणाला, "नवंबर में आओ, नॅशनल डे पे, लाल-सफेद-हरा जितना चाहिए उतना देता हूँ." दोन मीटर चॉकलेटी घेतलं. वरचा भाग अंतराला पिस्ता रंगात पाहिजे होता. का, तर आजीच्या घराच्या भिंती फिक्या पिस्ता रंगाच्या आहेत, बाबांनी सांगितलं. खाली पाणी, वर राहिलेली भिंत, मध्ये पांढरी रेघ. संपलं. किल्ला नाही, सूर्य नाही. लहान मुलाला आठवून काढता येईल. नियमात बसणारा तेवढा एकच होता. आता पिस्ता आणि चॉकलेट, तर लोकांना आइस्क्रीम वाटलं, ती गोष्ट वेगळी.

काय म्हणालात? भिंती पिस्ता नव्हत्या? पिवळ्या? कधी केल्या पिवळ्या? …पुराच्या आधीच्या गणपतीला. हो का. म्हणजे ते पण नाही माहीत त्यांना. त्यांच्या डोळ्यापुढे अजून पिस्ताच आहे. तुम्ही सांगितलं नाहीत? नाही, बरोबर, विचारल्याशिवाय कोण सांगतं की आम्ही भिंत रंगवली. बिस्कीट घ्या.

आता शिवायला बसले. मी विचारलं, रेघ कुठे घेऊ, मधोमध घेते, सरळ दिसेल. तर म्हणाली, "नाही मावशी, मध्ये नाही. थांब, मी मोजून येते." आणि माझी टेप घेऊन घरी गेली. झेंड्याची रेघ, आणि मोजायला घरी? मला सांगा, तुम्ही असतात तर तुम्हाला काय वाटलं असतं? मी पाच मिनिटं थांबले आणि विरजणाचं भांडं घेऊन गेले मागून. दार उघडंच होतं. ते कपाट आहे ना त्यांच्या हॉलमध्ये — तुम्ही बघितलं नाहीये, तुम्ही आलाच नाहीत कधी — एक मोठं लोखंडी कपाट बाहेरच्या खोलीत, बटणांच्या बोर्डाला खेटून. बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट कोण ठेवतं? त्याच्यामुळे टीव्ही कोपऱ्यात गेलाय, सगळे मान वाकडी करून बातम्या बघतात, बोर्डाचं बटण दाबायला पट्टी ठेवलीय. मी किती वर्षं सांगत होते, आतल्या खोलीत घ्या. वहिनी म्हणायच्या, राहू दे. दोन वर्षांमागे अर्बाबाने, आमच्या घरमालकाने, रंगारी पाठवला, सगळ्या बिल्डिंगला फुकट रंग, तर भावोजींनी ते कपाट सरकवू दिलं नाही. भोवतीने रंग मारून घेतला. मी म्हटलं, पैसे असतील मागे लपवलेले. खोटं कशाला सांगू, म्हटलं मी असं. आमच्या ह्यांना.

तर त्या दिवशी अंतराने आणि वहिनींनी कपाट सरकवलेलं, आणि मागे भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. एकावर एक. प्रत्येकीच्या बाजूला भावोजींचं बारीक अक्षर. उंबरा. पलंग. खिडकी. आणि सगळ्यात वर, आडवी, जरा जाड — बोर्ड.

कळलं ना तुम्हाला? मला पण तेव्हा कळलं. कारण पुराच्या दिवशी पहाटेपासून मी भिंतीच्या अलीकडे होतेच. सगळं बंद होतं तेव्हा, करोना, विमानं बंद, गेलं तर परत येता यायचं नाही. तुमचा फोन स्पीकरवर. तुम्ही सांगत होतात, दादा, उंबऱ्याला लागलं. दादा, पलंगावर चढलं. दादा, आईला माळ्यावर घालतो. आणि इकडे ते भिंतीवर खुणा करत होते. कशाला? मला विचारू नका. वहिनी म्हणाल्या, नुसतं ऐकून त्यांना कळत नव्हतं किती ते, आपल्या घरात बघितल्यावर कळत होतं. मग तुम्ही म्हणालात, "बोर्डापर्यंत आलंय दादा, ठेवतो" — आणि फोन गेला. ती शेवटची रेघ. त्यानंतर तीन दिवस ते तिथेच बसून होते, पेन्सिल खिशात. मी डबा द्यायचे.

आणि फोन लागल्यावर काय बोलले ते माहितीये मला. नका सांगू. "जेवलात का?" म्हणाले. तुम्ही कमरेइतक्या चिखलात उभे आणि हे विचारतात जेवलात का. तुम्ही फोन आपटलात, तो आपटलातच, पुन्हा बोलला नाहीत. बरोबर केलंत असं मी म्हणत नाही आणि चूक पण म्हणत नाही. पण एकनाथभाऊ, ही इथली खोड आहे. इथून फोन लावला की पहिलं वाक्य तेच येतं तोंडात — आमचे हे तर बँकेत फोन लावला तरी जेवलात का विचारतात. तिथे काय चाललंय ते दिसत नाही, काय विचारायचं ते सुचत नाही, तर जेवणाचं विचारायचं. तुम्ही आता सोहारला आहात, घरी फोन करता ना? पहिलं काय विचारता?

…हां. प्या, गार होतोय.

पुढचं ऐका. एक मे, हॉल भरलेला. कोल्हापूरवाले ढोल घेऊन आलेले. अंतरा एकटीच, हा झेंडा घेऊन, मागे कुणी नाही — मी गेले शेवटी मागून, सातारा सोडून. आमच्या लोकांनी अजून बोलणं सोडलंय माझ्याशी. स्टेजवर तिला विचारलं, बाळ, चॉकलेटी रंग कशाचं प्रतीक? प्रत्येकाने केवढं बोलून ठेवलेलं — शौर्य, त्याग, परंपरा. ही म्हणाली, "प्रतीक नाही. हे पाणी आहे. माझ्या आजीच्या घरात आलं होतं." आणि मग शब्द सापडेना तिला, तर रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथपर्यंत." उतरली खाली. टाळ्या कुणी वाजवायच्या ते कळेना लोकांना. यशोधननी माईक घेऊन सांगितलं की झेंड्यावर साधारणपणे अभिमानाच्या गोष्टी असतात. बक्षीस कोल्हापूरला.

तो फोटो तेव्हाचा. तिच्या मैत्रिणीने काढला, तिने स्टेटसला ठेवला, तुमच्या मुलाने बघितला. तमाशा तो एवढाच.

आणि भावोजी? ते बसलेले चौथ्या-पाचव्या रांगेत. ती "इथपर्यंत" म्हणाली तसे उठले आणि बाहेर. मी गेले मागे — जावंच लागलं, किल्ली त्यांच्याकडे होती, आम्ही एका गाडीने आलेलो. तर पार्किंगमध्ये गाडीत बसलेले, एसी न लावता. मला म्हणाले… हे सांगू नका असं म्हणाले होते. बरं, सांगते आता. म्हणाले, "प्रेमावहिनी, पोरीने हॉलभर लोकांना सांगितलं इथपर्यंत. ते तिथपर्यंत होतं का त्याच्या वर गेलं, हे मला माहीतच नाही. माझ्या भावाला किती पाणी लागलं, ते मला माहीत नाही." मी म्हटलं, मग विचारा की. म्हणाले, आईला विचारतो तर आई म्हणते, आलं होतं थोडं. आणि त्याला कुठल्या तोंडाने विचारू. घरी आल्यावर वहिनींनी झेंडा माझ्याकडे आणून दिला. म्हणाल्या, हे बघत बसतात, राहू दे तुझ्याकडे. तो तेव्हापासून इथे.

काय? रेघ चूक आहे?

म्हणजे तुम्हाला राग तमाशाचा नाही आलाय. रेघेचा आलाय. लोकांना खोटं सांगितलं, एवढंच होतं असं दाखवलं. …अहो मग तसं म्हणायचं ना मघाशी. ती चूकच आहे, शेवटच्या फोनपर्यंतचीच आहे ती, त्याच्या पुढचं कोण सांगणार होतं? तुमच्याशिवाय तिथे होतं कोण?

मला सांगा. मला सांगायला काय हरकत आहे, मी कोण लागते तुमची? किती होतं? हा बघा आमचा बोर्ड, त्यांच्या घरात हाच उलट्या हाताला आहे. इथपर्यंत तुम्ही फोनवर सांगितलंत. मग? उठा, दाखवा. राहू दे कप. त्याच्या वर? …कॅलेंडरपर्यंत? …अजून वर?

दाराच्या चौकटीच्या वर.

तुमचा हात पुरत नाहीये, एकनाथभाऊ.

आई माळ्यावर. ते माहितीये. आणि तुम्ही पण माळ्यावरच ना? …नाही? मग तुम्ही कुठे? …दोघांचं वजन झेपलं नसतं. हो. जुना माळा. लाकडाचा. मग तुम्ही खाली, कशावर उभे — सिलेंडरवर. आणि धरलं कशाला? …माळ्याच्या कडेला. आणि आईंनी वरून तुमचं मनगट. किती वेळ — नाही, राहू दे. ते नका सांगू मला.

म्हणून आई सांगत नाही. आलं होतं थोडं म्हणते.

बसा. नाही, बसा जरा. पंखा वाढवते.

…लिफ्ट आली. ऐकलंत? तेच आहेत. ती वहिनींची चप्पल, मला कळते. उठा, तोंडावर पाणी मारा, तिथे बेसिन आहे, टॉवेल धुतलेला आहे. बस जाऊ दे ती, शुक्रवारी संध्याकाळी पण आहेत बसा. आणि हे बघा, दार उघडल्यावर ते तुम्हाला बघून पहिलं जेवलात का म्हणतील. म्हणतीलच. त्यांना दुसरं काही येत नाही. तर नाही जेवलो म्हणून सांगा. मी फक्त चहाच दिलाय. आणि ते कपाट जड आहे, एकट्याने सरकत नाही, पाठीत उसण भरेल, दोघांनी धरा. पेन्सिल त्यांच्याकडे आहे.

निघा आता, मला कुकर लावायचाय. मी काही सांगितलेलं नाहीये तुम्हाला. झेंडा राहू दे, रेघ उसवून वर घ्यायची तर पिस्ता फार थोडा उरेल, मी आणि अंतरा बघतो त्याचं.

आणि हे स्टूल घेऊन जा. दोघांचीही उंची सारखीच आहे तुमची.